सुटीतील श्रेयांक

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस पाठविलेल्या पत्रात 'अमेरिकेतील विद्यार्थिजीवन' असा विषय घातला होता. विषय फार मोठा, आणि आमचा तेथील मुक्काम अवघा साडेतीन महिन्यांचा. तेवढ्या भांडवलावर एका खंडप्राय देशाविषयी बोलणे म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या गावाचा इतिहास सांगण्यासारखे होईल. म्हणून त्यांच्या अनुमतीने आम्ही विषय लहान करून घेतला आहे. तेथील माध्यमिक शाळांतील मुले उन्हाळ्याच्या सुटीत घरी बसून, संगणकावर, एखादा विषय पुरा करतात व त्याचे श्रेयांक शाळेच्या दप्तरी जमा करून घेतात. एवढ्याच गोष्टीविषयी आज बोलावयाचे आहे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल. ज्यांचे कोणी तेथे नाही त्यांनीही थोडा धीर धरावा. भाषणाचा शेवट याच सभागृहात होणार आहे.

आमची कन्या व जावई फ्लॉरिडा संस्थानात ऑर्लँडो शहराजवळ राहतात. तेथील शाळा मेअखेरीस बंद होतात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. म्हणजे सुटी सुमारे दहा आठवड्यांची. ऊन आपल्या कोकणासारखे घामाचे, आणि बहुधा रोज दुपारी आपल्या वळवासारखा गडगडाटासह पाऊस. नातवंडांस घेऊन पत्ते खेळावे, त्यांना चार अभंग शिकवावे, अशा बेताने आम्ही गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात एके सकाळी धाकटी नात मनगटावर घड्याळ बांधून घराभोवती धावताना दिसली. धावणे संपले की नाडीचे ठोके मोजी, आत येऊन संगणकात काही आकडे लिही. आम्ही विचारले, "हे काय चालले आहे?" ती म्हणाली, "आजोबा, शाळेचा तास चालला आहे."

तिची आठवी नुकतीच संपली होती. आरोग्य व शारीरिक शिक्षण असा एक विषय तेथे सर्वांस सक्तीचा आहे. तो सुटीत उरकला तर नववीच्या वेळापत्रकात एक तास मोकळा राहतो, आणि त्या तासाला तिला व्हायोलिनच्या वाद्यवृंदात बसता येते. व्यायामसुद्धा संगणकावरून, हे ऐकून आम्हांस प्रथम हसू आले. नंतर आमचे आम्हांसच आठवले की, आम्ही शाळेत असताना कवायतीच्या तासाला मुलांना मैदानावर सोडून आम्ही झाडाखाली गणिताच्या वह्या तपाशीत असू. ही मुलगी निदान खरोखर धावत होती.

आता श्रेयांक म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडील पद्धत निराळी आहे. आपल्या मुलाची दहावी होते किंवा राहते. तेथे शालान्त प्रमाणपत्रासाठी विषयवार श्रेयांक साठवावे लागतात. फ्लॉरिडात नेहमीच्या मार्गाने जाणाऱ्या मुलास नववी ते बारावी मिळून २४ श्रेयांक लागतात. त्यांत इंग्रजीचे ४, गणिताचे ४, विज्ञानाचे ३, समाजशास्त्रांचे ३, आणि बाकी इतर. एक विषय वर्षभर शिकला की एक श्रेयांक, एका सत्रापुरता शिकला की अर्धा. एखाद्या विषयात मुलगा नापास झाला तर सारे वर्ष वाया जात नाही. तेवढा श्रेयांक अडतो, आणि तो त्याला पुढे कधीतरी भरून काढावा लागतो.

या मापाचा उगम आम्ही तेथील ग्रंथालयात बसून शोधला तेव्हा निवृत्त शिक्षक म्हणून आम्हांस फार मौज वाटली. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने १९०५ साली महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. तिच्या विनियोगासाठी जी संस्था स्थापन झाली तिच्यापुढे प्रश्न पडला की, कोणत्या विद्यालयास खरे महाविद्यालय म्हणावे? तिने ठरविले की, जे आपल्या प्रवेशार्थ्यांकडून माध्यमिक शाळेतील १४ एकके मागेल ते. एकक म्हणजे एक विषय, आठवड्यातून पाच तास, वर्षभर. सुमारे १२० तासांचे अध्यापन. मास्तरांना पेन्शन मिळावी म्हणून हे माप जन्मास आले आणि पुढे साऱ्या देशातील मुले त्याने मोजली जाऊ लागली! फ्लॉरिडाच्या कायद्यात आज पूर्ण श्रेयांकास साधारणतः १३५ तासांचे अध्यापन धरले आहे. तास हे बसण्याचे माप आहे, शिकण्याचे नव्हे, ही तक्रार जुनीच आहे. त्या संस्थेने स्वतःच २०१५ साली या मापाचा फेरविचार करणारा अहवाल काढला. तथापि दुसरे सोयीचे माप सापडेपर्यंत हेच चालले आहे. आमचे मत विचाराल तर माप अगदीच टाकाऊ नाही. जो बसलाच नाही तो शिकला असण्याचा संभव थोडा.

संगणकावरून शिकविणाऱ्या तेथील सरकारी शाळेचे नाव फ्लॉरिडा व्हर्च्युअल स्कूल. १९९७ साली दोन लाख डॉलरच्या अनुदानावर, दोन जिल्ह्यांच्या सहकार्याने ती सुरू झाली. म्हणजे करोनाच्या साथीने २०२० साली आपल्या घराघरांत वर्ग भरले त्याच्या तेवीस वर्षे आधी. संस्थानातील रहिवाशांच्या मुलांकडून ती फी घेत नाही. मूल आपल्या नेहमीच्या शाळेतच राहते, फक्त एखादा विषय या शाळेकडून घेते. तिच्या अनुदानाची अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा केला तरच शाळेला पैसे मिळतात, नुसते नाव घातल्याने मिळत नाहीत. या अटीचे दोन अर्थ होतात. शिक्षक मुलाचा पिच्छा पुरवितात, दूरध्वनी करतात, आईबापांशी बोलतात, हा चांगला अर्थ. कोणाचा हात सैल सुटण्याचा मोह होईल, हा दुसरा. आम्ही जे पाहिले ते पहिल्या अर्थाचे होते.

आता आमच्या घरातील गोष्टीकडे वळतो. थोरला नातू तेव्हा दहावीत होता. त्याचा बीजगणिताच्या दुसऱ्या भागाचा पहिल्या सत्राचा निकाल 'एफ्' लागला होता. 'एफ्' म्हणजे नापास. आम्ही पोहोचेपर्यंत ही वार्ता आमच्या कानांवर घालण्यात आलेली नव्हती. पोहोचल्यावर कन्येने सांगितले, तेही मुले निजल्यावर, आणि बजावले, "बाबा, तिकडे कोणाला फोनवर बोलू नका. लोक काय म्हणतील?" ज्याने छत्तीस वर्षे गणित शिकविले त्याचा नातू गणितात नापास! आम्ही खोटे बोलणार नाही. त्या रात्री आम्हांसही झोप आली नाही, आणि ती काळजीपेक्षा अभिमान दुखावल्याने आली नाही. आज हे भरसभेत सांगतो आहोत ते कन्येची व नातवाची अनुमती घेऊन. नातू म्हणाला, "सांगा आजोबा, पण मग नऊची गोष्टही सांगा." ती आता येते.

शाळेतील समुपदेशकाच्या संमतीने त्याने सुटीत तेच सत्र पुन्हा घेतले. तेथे अशी मुभा आहे की, 'डी' किंवा 'एफ्' पडलेला विषय पुन्हा घेऊन त्यात 'सी' किंवा त्याहून वरची श्रेणी मिळविली तर सरासरी काढताना जुनी श्रेणी धरीत नाहीत. अर्धा श्रेयांक, म्हणजे साडेसदुसष्ट तास. आठ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याचे पाच दिवस रोज पावणेदोन तासांच्या जवळपास येतात. हा हिशेब आम्ही पहिल्याच दिवशी मांडून स्वयंपाकघरातील शीतपेटीवर चिकटवला. कागदावर तो फार सोपा दिसत होता.

पहिले दोन आठवडे कसे गेले ते काय वर्णावे! घंटा नाही, बाके नाहीत, शेजारी मित्र नाही. सकाळी दहाला उठावे, अकराला यंत्र उघडावे, आणि त्याच यंत्रात खेळही असल्यामुळे बाराला काय उघडे असेल याचा नेम नसावा. पंचेचाळीस मुलांचा वर्ग एका नजरेने शांत करणाऱ्या माणसाला एक नातू पावणेदोन तास जागेवर बसविता येईना. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काम बरेच मागे पडले. एका रविवारी रात्री प्रकरणाचा स्वाध्याय पाठवावयाचा होता, कन्येचा चेहरा उतरला होता, आणि मुलगा रडकुंडीस आला होता. वर्गसमीकरणे पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवावयाची होती. आम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलो, आणि तासाभरात सर्व उदाहरणे लिहून झाली. 'लिहून झाली' असे आम्ही मुद्दामच म्हणतो. लिहिणारा हात त्याचा होता. पायऱ्या आमच्या होत्या. "येथे दोन्ही बाजूंस नऊ मिळव," आम्ही म्हणालो, आणि त्याने मिळविले. "आता वर्गमूळ घे," म्हणालो, आणि त्याने घेतले. उदाहरणाचे छायाचित्र दाखविताच पायऱ्यांसह उत्तर लिहून देणारी यंत्रे हल्ली मुलांच्या खिशात असतात, आणि आम्ही त्यांच्या नावाने पुष्कळ बोटे मोडतो. त्या रात्री ते यंत्र आम्हीच झालो होतो.

स्वाध्यायास पैकीच्या पैकी गुण पडले. घरात आनंदीआनंद झाला, श्रीखंड झाले.

परंतु त्या शाळेत एक योजना अशी आहे की, प्रकरण संपताना शिक्षक मुलाशी प्रत्यक्ष बोलतात. दूरध्वनीवर तोंडी परीक्षा घेतात, आणि तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. गुरुवारी बाईंचा दूरध्वनी आला. आम्ही बाजूच्या खोलीत होतो. आवाज मोठा ठेवला होता. बाईंनी गोड आवाजात हवापाण्याची विचारपूस केली आणि मग त्याच स्वाध्यायातील एक समीकरण काढले: क्ष² + ६क्ष = १६. "तू दोन्ही बाजूंना नऊ मिळविलेस, उत्तर अगदी बरोबर आले. मला एवढेच सांग, नऊ कोठून आले?"

मुलगा गप्प. बाईंनी वाट पाहिली. आम्ही भिंतीआड उभे होतो, आणि आमच्या ओठांवर उत्तर होते. पण तेथे त्याचा उपयोग नव्हता. शेवटी तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी सांगितले." बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या की, मग आजोबांना गुण मिळाले असे समजू आणि तुझ्यासाठी तो भाग पुन्हा उघडून ठेवू, सोमवारी बोलू.

ज्ञातिबंधूंनो, शिक्षणाधिकाऱ्यांनी आमच्या वर्गाची तपासणी अनेकदा केली, पण इतके उघडे आम्ही कधी पडलो नव्हतो. आम्ही मनाशी मोजू लागलो. आमच्याकडून शिकून गेलेल्या मुलांपैकी किती जणांनी 'क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग' हे वाक्य नुसते घोकले असेल? आम्ही कधी कोणाला विचारले होते, की नऊ कोठून आले? परीक्षेत तो प्रश्न येत नसे, म्हणून आम्हीही विचारीत नसू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही पोह्यांसारख्या त्या न्याहारीच्या खाद्याचा एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा घेतला आणि कात्रीने एक चौरस कापला. "याची बाजू क्ष. किती, ते ठाऊक नाही. याचे क्षेत्रफळ?" "क्ष वर्ग." मग सहा रुंदीची आणि क्ष लांबीची पट्टी कापली. "ही ६क्ष. आता हे दोन्ही मिळून एक मोठा चौरस कर." त्याने पट्टी एका बाजूला लावून पाहिली, आयत झाला. बराच वेळ तो ती फिरवीत बसला. आम्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते; ते तसे ठेवणे आम्हांस किती जड गेले ते आम्हीच जाणतो. मग त्याने आपण होऊन कात्री घेतली, पट्टी मधोमध उभी चिरली, तीन रुंदीची एक पट्टी उजवीकडे आणि एक खाली लावली. मोठा चौरस झाला, फक्त खालच्या कोपऱ्यात एक खाच राहिली. त्याने त्या खाचेवर बोट ठेवले. "तीन बाय तीन," तो म्हणाला. "आजोबा, हे नऊ!"

सोळात नऊ मिळविले, पंचवीस झाले. मोठ्या चौरसाची बाजू पाच. पाचांतून तीन गेले, क्ष बरोबर दोन. उणे आठ हे दुसरे उत्तर पुठ्ठ्यात दिसत नाही, ते का दिसत नाही हेही त्याने नंतर स्वतःच सांगितले: पुठ्ठ्याला उणे लांबी नसते. ही युक्ती आमची नव्हे. मध्ययुगातील गणिती अल्-ख्वारिझ्मी याने असेच चौरस काढून हे समजाविले आहे. आपल्याकडे श्रीधराचार्यांची वर्ग पुरा करण्याची रीत भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात त्यांच्या नावानिशी दिलेली आहे. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. पुठ्ठा कापायला मात्र बाईंचा दूरध्वनी यावा लागला.

सोमवारी त्याने बाईंना कोपऱ्याची गोष्ट सांगितली. बाईंनी समीकरण बदलून विचारले, तेही त्याने सांगितले. त्यानंतरचे पाच आठवडे सुरळीत गेले असे म्हणता येणार नाही. दोनदा भांडणे झाली, एकदा संगणक पाण्याच्या पेल्याने भिजला. पण एक नियम घरात लागू झाला: सकाळी आठ ते दहा जेवणाच्या टेबलावर बसायचे, आम्ही समोर वर्तमानपत्र घेऊन बसायचे, आणि विचारल्याखेरीज बोलायचे नाही. विचारले तरी उत्तर द्यायचे नाही, उलट प्रश्न करायचा. ऑगस्ट उजाडण्यापूर्वी सत्र पुरे झाले. 'बी' मिळाला.

एका घरच्या अनुभवावरून सिद्धान्त काढू नये, हे आम्ही जाणतो. परंतु शिकागो शहरातील सार्वजनिक शाळांत २०११ व २०१२ च्या उन्हाळ्यांत या प्रश्नाची मोठी पद्धतशीर पाहणी झाली होती. नववीत बीजगणिताच्या दुसऱ्या सत्रात नापास झालेली मुले घेतली, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले; एका गटाने तोच भाग संगणकावर पुन्हा घेतला, दुसऱ्याने नेहमीच्या वर्गात शिक्षकासमोर. संगणकावरील मुलांना अभ्यासक्रम अधिक कठीण वाटला, आणि श्रेयांक भरून काढणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात कमी पडले. आणखी एक गोष्ट दिसून आली. संगणकाच्या वर्गातही देखरेखीसाठी एक वडीलधारी व्यक्ती असे. जेथे ती व्यक्ती नुसती हजेरी न घेता जवळ बसून समजावूनही देत होती, तेथे यश मिळविणारी मुले अधिक होती. म्हणजे जे मूल मुळात हुशार व शिस्तीचे आहे, आमच्या नातीसारखे, ते घरबसल्या एकटे पुढे जाते. आणि जे अडखळलेले आहे, ज्याला या सोयीची खरी गरज, त्यालाच एकटे सोडले तर ती सोय पुरी पडत नाही.

ज्यांची मुले तेथे आहेत त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली, नाव घालण्यापूर्वी मुलाच्या शाळेची संमती लेखी घ्यावी. श्रेयांक देणारी संस्था एक आणि तो दप्तरी मांडून घेणारी शाळा दुसरी, हे विसरू नये. कन्येच्या परिचयाच्या एका महाराष्ट्रीय कुटुंबाने जाहिरात पाहून एका खाजगी संस्थेत कित्येक शे डॉलर भरले, मुलीने सारा उन्हाळा घालवून रसायनशास्त्र पुरे केले, आणि ऑगस्टमध्ये शाळेने तो श्रेयांक मांडून घेण्याचे नाकारले. मुलीची चूक काहीच नव्हती. दुसरी गोष्ट खेळाडू मुलांची. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांची जी राष्ट्रीय संघटना तेथे आहे ती असे घरबसल्याचे अभ्यासक्रम पारखून घेते. ज्यात शिक्षक व विद्यार्थी यांचा नियमित संपर्क नाही तो ती जमेस धरीत नाही. ज्या अभ्यासक्रमात कोणी माणूस मुलाशी बोलतच नाही तो आपणही जमेस धरू नये, मग मुलगा खेळाडू असो वा नसो.

आता आपल्या गावाकडे येऊ. श्रेयांक हा शब्द आपल्याकडेही शाळेच्या दारात येऊन ठेपला आहे. २०२३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला, त्यात शाळेच्या वर्षासाठी १२०० तासांचा अभ्यास व ४० श्रेयांक असे माप घातले आहे. १९७९ साली केंद्रीय मंडळाचा प्रकल्प म्हणून निघालेली आणि १९८९ पासून स्वतंत्र झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तर अन्य मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण आपल्याकडे मांडून घेते, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेस बसू देते. आपल्या राज्यमंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मावर बाहेरून बसलेली माणसे तर या सभागृहातही असतील. आणि २०१५ पासून दहावीत राहिलेल्या मुलांसाठी निकालानंतर लगेच, त्याच वर्षी, फेरपरीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या मुलांचा सुटीतील श्रेयांक म्हणावा तो हाच. निकाल व फेरपरीक्षा यांच्यामधले ते थोडे आठवडे आपल्या घरांत कसे जातात? मुलगा तोंड लपवितो, आई शेजारणीशी बोलणे टाळते, बाप क्लासचे पैसे जमवितो, आणि लग्नकार्याला मुलास नेत नाहीत.

आणि आपली संस्था काय करते? गुणगौरव करते. तो करावाच, ऐंशी टक्क्यांवरील मुलांची नावे याच व्यासपीठावरून वाचली जातात, आम्हीही टाळ्या वाजवितो. परंतु विद्यार्थी साहाय्यक निधीच्या नियमांत एक कलम आहे: 'अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या अर्जाचा विचार केला जाणार नाही.' म्हणजे ज्याला फेरपरीक्षेचे शुल्क, पुस्तक किंवा महिनाभराची शिकवणी हवी, तोच निधीच्या दाराबाहेर. हे कलम ज्या समितीने घातले तिचे आम्हीही सभासद होतो. निधी थोडा, अर्ज फार, कोठेतरी रेघ ओढावी लागते, असे म्हणून आम्ही हात वर केला होता. त्यानंतर किती मुलांनी हे कलम वाचून अर्जच केला नसेल, याची नोंद आपल्या दप्तरात असणार नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हे कलम गाळण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक मिळाला तर बरे. न मिळाला तरी मांडू. कोणी म्हणतील, याने नापासांना उत्तेजन मिळेल. नापास होण्याची हौस असलेला विद्यार्थी छत्तीस वर्षांत आम्हांस एकही भेटला नाही.

दुसरी विनंती अध्यक्षांना आहे. एका उदार सभासदांनी दिलेले सहा संगणक वरच्या मजल्यावरील खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेले आहेत. ते धूळ लागू नये म्हणून झाकले आहेत, आणि झाकल्यामुळे कोणी वापरीत नाही. मुक्त विद्यालयाचे पाठ आणि केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या स्वयम् या व्यवस्थेवरील नववी ते बारावीचे पाठ यांना शुल्क लागत नाही. यंत्र आहे, पाठ आहेत. समोर वर्तमानपत्र घेऊन बसणारा कोणीतरी हवा. आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक आम्ही एकटे नाही. इंग्रजीच्या दोन भगिनी तर याच सभेत पुढच्या रांगेत बसलेल्या आम्हांस दिसत आहेत, आणि त्या मान खाली घालीत आहेत, पण त्यांनी सुटका झाली असे समजू नये.

तेव्हा अध्यक्षांनी त्या खोलीची किल्ली आमच्या स्वाधीन करावी. दहावीचा निकाल लागेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून फेरपरीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार सोडून, रोज सकाळी आठ ते अकरा आम्ही तेथे बसू. मुलाचे नाव वहीत लिहिले जाणार नाही आणि कोणत्या विषयात राहिला ते बाहेर सांगितले जाणार नाही. ज्याला यावयाचे त्याने पेन्सिल आणि वही आणावी. पुठ्ठे व कात्री आम्ही घेऊन येऊ.